भगिनींचे भाऊ

वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. जिल्हा झाला की कलेक्टर येतो, एसपी येतो, झेडपी येते, आणि या तिघांच्या पत्रकार परिषदेत पहिल्या खुर्चीवर बसायला एक भाऊ लागतो. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत असा एकेक भाऊ सापडेल. कुणाचं चॅनेल मोठं, कुणाचं पोट मोठं, एवढाच फरक.

आमचे भाऊ मालक आहेत, मुख्य संपादक आहेत, सगळा जाहिरात विभागही तेच आहेत, आणि कॅमेरावाला पोरगा पेरणीला गेला तर कॅमेराही तेच धरतात. चॅनेल आधी केबलवर होतं, आता यूट्यूबवर आहे. स्टुडिओ एका कृषी सेवा केंद्राच्या वरच्या मजल्यावर असल्यामुळे आमच्या बातम्यांना कीटकनाशकाचा मंद वास असतो. मागे हिरवा पडदा आणि त्यावर संगणकातून उमटणाऱ्या मुंबईच्या इमारती. सोयाबीनवर पिवळा मोझॅक आल्याची बातमी मी मरीन ड्राइव्हच्या काठावर बसून देते.

मी इथे बातम्या वाचते. वाचते म्हणजे आधी लिहिते, मग वाचते, मग कापून जोडते आणि शेवटी व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर टाकते. सायंकाळी सातचं बुलेटिन माझं, रात्री नऊचं आमच्या दुसऱ्या निवेदकाचं, म्हणजे सरांचं. दोन्ही पंधरा मिनिटांची. दोन्हींचा मजकूर माझाच.

भाऊंना स्त्रियांविषयी विलक्षण आदर आहे, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. बाई आत आली की भाऊ उभे राहतात, स्वतःच्या रुमालाने खुर्ची पुसून देतात. बुलेटिन लांबून माझी मंगरुळपीरची शेवटची एसटी गेली तर स्वतःच्या गाडीने घरी सोडतात, आणि लोकांनी काही बोलू नये म्हणून वहिनींनाही सोबत घेतात. माझ्या आईला अकोल्याला ॲडमिट केलं तेव्हा भाऊ रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसून होते. सकाळी वहिनी डबा घेऊन आल्या. भाऊंकडे काहीही मागा, मिळतं. फक्त पगार मागू नका. पगाराचं नाव काढलं की त्यांच्या चेहऱ्यावर राग नाही, दुःख येतं. राखी बांधून झाल्यावर बहिणीने पावती मागावी तसं दुःख.

भाऊंना द्यायला आवडतं, देणं लागायला आवडत नाही. त्यांच्या स्वभावाची सगळी गुंतागुंत एवढ्याच वाक्यात आहे आणि बाकीचं मी फक्त दाखले म्हणून सांगते.

पहिला दाखला दिवाळीचा. दिवाळीला सरांना बोनसचं पाकीट मिळतं. मला भाऊबीजेची साडी मिळते, ताटात ठेवून, कुंकवाचं बोट लावून. पाकिटाचा हिशेब रजिस्टरला लागतो, पुढच्या वर्षी त्यात कपात झाली तर सर भांडू शकतात. साडीचं तसं नाही. गेल्या वर्षी पैठणी होती आणि यंदा सुती आहे, असं बहीण भावाला कोणत्या तोंडाने सांगणार?

बातम्यांनाही भाऊंनी लिंग दिलं आहे. गॅस सिलिंडर महागला की बातमी माझी, सोयाबीन पडलं की सरांची. डेंग्यूची साथ, दहावीचा निकाल, हळदीकुंकू आणि कापडदुकानाचा सेल मी वाचायचा. खून, आमदार, पाऊस आणि बाजार समितीचे भाव सरांनी.

"भाव बाईनं सांगतले तं कास्तकार मनावर घेत नाई," भाऊंचं शास्त्र. "बातमीले वजन लागते, ताई."

सरांचा आवाज वजनदार आहे, हे मला मान्य आहे. कॉलेजात एनसीसीत असल्यामुळे ते बातमी सावधानमध्ये सांगतात. मृद व जलसंधारण विभागाला त्यांनी इतक्या वेळा 'मृत व जलसंधारण' म्हटलं आहे की त्या विभागातल्या एका साहेबांनी फोन करून आपण जिवंत असल्याचं कळवलं होतं. माझ्याकडून असा एक उच्चार गेला असता तर "ताईचं घरी काही बिनसलं असंन" म्हणून वहिनींना माझ्या घरी पाठवलं असतं. सरांची चूक ही जिभेची चूक असते, माझी चूक ही बाईची असते.

5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधान पोहरादेवीला आले, बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. आमच्या चॅनेलच्या जन्मापासूनची ही सगळ्यात मोठी बातमी. माझं माहेर त्याच मानोरा तालुक्यातलं, गावाला लागून बंजारा तांडा. तांड्याची गोरमाटी बोली मला मराठीइतकी येते. भाऊंनी बूम माइक सरांच्या हातात दिला. "एवढ्या गर्दीत बहिणीले पाठवू का मी? लोकं काय म्हणतीन मले?" सर गेले. आरसे लावलेल्या घागऱ्यातल्या म्हाताऱ्यांसमोर बूम धरून त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं, "आज आपल्या काय भावना आहेत?" म्हाताऱ्या हसल्या. दिवसभराच्या दृश्यांत बायका होत्या आणि आवाज सरांचा होता. त्या काय म्हणाल्या हे संध्याकाळी स्टुडिओत बसून मी ऐकलं, मराठीत लिहून दिलं आणि नऊच्या बुलेटिनला सरांनी ते वजनाने वाचलं. म्हाताऱ्या म्हणत होत्या, पोरा, बाजूला सरक, आम्हाला काही दिसत नाही.

दिसण्याच्या बाबतीत भाऊ फार काटेकोर आहेत. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, तिथे स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे बातम्या वाचायच्या, हे भाऊंना तोंडपाठ आहे. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या, हा किस्सा ते प्रत्येक नव्या मुलीला सांगतात. या गोष्टीतून कुणी बंडखोरी शिकेल, कुणी घाई शिकेल. भाऊ शिकले ते एवढंच की जीन्स कोणतीही असो, वर साडी पाहिजे. साडी माझी मी आणायची. सरांसाठी ऑफिसच्या खर्चाने एक निळा ब्लेझर घेतला आहे, हॅंगरला टांगलेला असतो. बाह्या लांब आहेत, त्यामुळे सर हातवारे करतात तेव्हा ब्लेझर एकटाच बोलतो आहे असं वाटतं.

पावडरही आधी सरांना लागते. मी भाऊंना सांगितलं होतं की मुंबईत सिनेमा-मालिकांच्या मेकअप करणाऱ्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षं बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्डच दिलं नाही. बायकांनी केस करायचे, चेहऱ्याला रंग लावायचा तो पुरुषांनी. चारू खुराणा यांनी हे प्रकरण लावून धरलं आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मोडीत काढला. संघटनेचं म्हणणं होतं की बायका आल्या तर पुरुषांची रोजी जाईल.

भाऊ गंभीर झाले. "खरं हाये ना ताई. बाप्यायले पोट नाई का?"

आणि टिकली. नोव्हेंबर 2022 मध्ये मंत्रालयाबाहेर संभाजी भिडे यांनी प्रश्न विचारणाऱ्या एका टीव्ही पत्रकार मुलीला आधी टिकली लाव, मगच बोलेन, असं सांगितलं. राज्य महिला आयोगाने त्यांना नोटीस काढली, महाराष्ट्रभर गदारोळ झाला. भाऊ संतापले. "हा आमच्या भगिनीचा अपमान हाये!" त्यांनी त्याच रात्री विशेष चर्चा ठेवली. चर्चेला चार मान्यवर बोलावले, चारही पुरुष. एक निवृत्त प्राचार्य, एक वकील, एक कीर्तनकार, एक माजी सभापती. महिला प्रतिनिधी म्हणून मी होतेच, ब्रेक जाहीर करायला. आणि लाइव्ह जाण्याच्या दोन मिनिटं आधी भाऊंनी स्वतः वहिनींच्या पर्समधलं टिकलीचं पाकीट आणून माझ्यापुढे ठेवलं. "वाद नको बापा. विषय नाजूक हाये. आजच्या दिवस लावून घ्या."

पगाराचं मला कळलं ते सरांच्या गाडीच्या कर्जामुळे. बँकेला पगाराचा दाखला हवा होता. ऑफिसातली सगळी पत्रं मीच टाइप करते, त्यामुळे सरांचा दाखला मीच टाइप केला. 14 हजार. मला 8 हजार. मी दाखल्याखाली भाऊंची सही घेतली, शिक्का मारला आणि पाणी प्यायले.

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही भाऊंची आवडती म्हण. पगार कुणी कुणाला सांगायचा नाही, हा आमच्याकडचा एकमेव लेखी नियम आहे. मूठ झाकली की सरांना वाटतं आपल्यालाच जास्त, मला वाटतं दोघांना सारखंच, आणि भाऊंना वाटतं सगळं छान चाललं आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीची मूठ जुलै 2017 मध्ये उघडली. दीड लाख पौंडांच्या वर कमावणाऱ्यांची नावं जाहीर करावी लागली. सगळ्यात वरचा पुरुष 22 लाख पौंडांच्या आसपास आणि बायकांत पहिली आलेली पाच लाखांच्याही आत. तिथे यादी लागली आणि इथे कर्जाचा दाखला लागला. बाकी कळण्याची रीत तीच.

मी भाऊंना सरळ विचारलं. भाऊंनी जिल्हा परिषद निवडणुकीचं जुनं हँडबिल पालथं घातलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला.

"तुमाले किती? 8 हजार. लाडकी बहीण भेटते का नाई? दीड हजार. झाले साडेनऊ. सरायले लाडकी बहीण भेटते का?"

मी म्हटलं, "नाही भेटत."

"मंग! एसटीत तुमचं अर्धं तिकीट. सर रिसोडवरून येतात, त्यायचं पुरं लागते. महिन्याचं पकडा अंदाजे. दिवाळीची साडी. वहिनीनं देलेले लोणचे-पापड मी धरत नाई, ते प्रेमाचं हाये. भाऊजींचा पगार येते घरात, तो येगळा. सरायच्या घरी कमावते कोण? ते एकटेच."

सरांची बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, हे मी सांगितलं. भाऊंनी पेन थांबवलं. मग म्हणाले, "बाईची कमाई मोजत नाई ना आपण."

शेवटी बेरीज 14 हजार 200 झाली. सरांपेक्षा 200 रुपये जास्त. भाऊंच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की ते आता हे 200 परत मागतात की काय, असं मला वाटून गेलं. राज्य सरकारने बहिणीला दिलेले दीड हजार आणि एसटीने सोडलेलं अर्धं तिकीट भाऊंच्या वहीत भाऊंनी दिलेला पगार म्हणून जमा झालं होतं.

त्याच टेबलावर आमचं दरपत्रक होतं, तेही मीच टाइप केलेलं. त्यात एक ओळ आहे: महिलेच्या आवाजात जाहिरात हवी असल्यास दर दीडपट. बियाणं असो, ट्रॅक्टर असो की सराफाचं दुकान, गिऱ्हाईक माझाच आवाज मागतं. ती ओळ दाखवली तेव्हा भाऊंनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "ते पैशे आवाजाचे हायेत ताई. तुमचे नाईत."

त्यानंतर मी वाचायला लागले. राग आला की काही बायका भांडी घासतात, मी निकाल वाचते. चहा आला की भाऊंना एक निकाल सांगायचा, असा नेम धरला.

पहिला मुंबईचा. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. तिथे साहेबांच्या लेडी स्टेनोंना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार. कंपनी म्हणाली, बायका म्हणून नाही हो, त्यांचं काम गोपनीय, म्हणजे वेगळं. 1976 च्या समान वेतन कायद्याखाली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1987 मध्ये कंपनी हरली. काम सारखं असेल तर नाव बदलून पगार कमी करता येत नाही, आणि परवडत नाही ही सबबही चालत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तो कायदा आता 2019 च्या वेतन संहितेत गेला आहे, तत्त्व तेच राहिलं.

भाऊंनी चहा बशीत ओतला. "परवडत नाई हे चालत नाई म्हनते कोर्ट?"

"नाही चालत."

"कोर्टाले जाहिराती आणा लागत नाईत ना."

दुसरा निकाल लंडनचा. समीरा अहमद आणि जेरेमी वाइन. दोघांचे बीबीसीवरचे कार्यक्रम पंधरा-पंधरा मिनिटांचे, दोघांतही प्रेक्षकांच्या तक्रारी वाचायच्या. तिला भागामागे 440 पौंड, त्याला 3,000.

"तीन हजार म्हंजे आपले किती?"

"तीन लाखांच्या आसपास."

"पंधरा मिनटाचे?" भाऊंची बशी वाटेतच थांबली. काही काळ ते समीरा अहमदला विसरून फक्त वाइनचा विचार करत राहिले.

मी पुढे सांगितलं. बीबीसीचा बचाव असा होता की त्याचा कार्यक्रम हलकाफुलका आहे, त्याला डोळ्यांत चमक असलेला माणूस लागतो. जानेवारी 2020 मध्ये न्यायाधिकरणाने एकमताने समीराच्या बाजूने निकाल दिला. डोळ्यांतली चमक हे नेमकं कोणतं कौशल्य, ते आम्हाला समजलं नाही, असं म्हटलं. समोरच्या पडद्यावर लिहिलेलं तो वाचत होता, आणि डोळे फिरवा असं तिथे लिहिलेलं असलं तर फिरवत होता.

मला वाटलं, आता भाऊ विरघळतील. भाऊंनी हँडबिलाच्या कोपऱ्यात काहीतरी टिपलं. दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत बसले तर भाऊ कॅमेऱ्याच्या मागून बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

"ताई, तुमच्या डोयात माया हाये. चमक नाई."

"आणि सरांच्या?"

"सरायच्या हाये."

सरांच्या डोळ्यांत चमक आहे, हे खरंच. समोरचा हॅलोजन थेट त्यांच्या चष्म्यावर पडतो.

हरलेल्या बाजूचा युक्तिवाद भाऊंनी असा उचलून घरी आणला होता. बीबीसीसारख्या बीबीसीला जे सुचलं ते आपल्यालाही सुचलं असतं, याचा त्यांना अभिमानही वाटत असावा. "एवढी मोठी कंपनी करते तं आपुन कोन बापा!"

तरीही मी कॅरी ग्रेसीचं सांगितलंच. ती बीबीसीची चीनची संपादक. अशा चार आंतरराष्ट्रीय संपादकांत दोन पुरुष, दोन बायका, आणि पुरुषांना बायकांपेक्षा निदान दीडपट पगार. जानेवारी 2018 मध्ये तिने ते पद सोडलं. कंपनीने पगार वाढवून देऊ केला तो तिने घेतला नाही, कारण तिला वाढ नको होती, बरोबरी हवी होती. त्याच दिवसांत जॉन हम्फ्रीज आणि जॉन सोपल हे दोन नामवंत निवेदक कार्यक्रमाआधी गप्पा मारताना तिच्या मागणीची थट्टा करत होते, ते रेकॉर्ड झालं आणि बाहेर आलं.

"माइक बंद कराले पाह्यजे होता त्यायनं," भाऊ हळहळले. धंद्यातली चूक त्यांना बरोबर दिसते.

जूनमध्ये बीबीसीने माफी मागितली आणि तिचे मागचे पैसे दिले. तिने ते सगळे बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या फॉसेट सोसायटीला देऊन टाकले.

इथे मात्र भाऊ खरोखर गोंधळले. "मांगतले, भेटले, अन् दान करून टाकले? मंग मांगतले कायले?" मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "पाहा! म्हंजे तिले पैशे नव्हतेच पाह्यजे. सन्मान पाह्यजे होता. अन् सन्मान तं आपुन देतोच!"

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. ते पैसे आधी तिचे होते, म्हणून ती दान करू शकली. जे आपलं आहे तेच माणूस देऊ शकतो. भाऊ दवाखान्याच्या बाकावर रात्र काढू शकतात, कारण ती रात्र त्यांची आहे. माझे महिन्याचे 6 हजार त्यांच्याकडे आहेत, पण त्यांचे नाहीत. त्यातून त्यांनी मला साडी घेतली तर ती ओवाळणी कशी होईल? भाऊ शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमी लय छान बोलता ताई. आठ मार्चले बोला."

स्त्री-पुरुष समानता भाऊंना मनापासून आवडते, ती फक्त थोडी लांब असावी. 27 ऑक्टोबर 2022 ला क्रिकेट मंडळाने महिला खेळाडूंना पुरुषांइतकं सामना मानधन जाहीर केलं. कसोटीला 15 लाख, एकदिवसीयला 6 लाख, टी-20 ला 3 लाख. भाऊंनी पेढे आणले, 'ऐतिहासिक' असा ठसठशीत पट्टा लावून ती बातमी मला वाचायला दिली. 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री हरमनप्रीतच्या संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला तेव्हा भाऊ ऑफिसच्या गच्चीवर नाचले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नवी मुंबई वाशिमपासून समृद्धी महामार्गानेही बरीच दूर पडते.

भाऊ असे कुठून घडले याचा शोध मी घेतला आहे. त्यांचं शेत रिसोड तालुक्यात आहे. निंदण बाया करतात, डवरणी-फवारणी गडी करतात. बाईची मजुरी वेगळी, गड्याची वेगळी, आणि गड्याची नेहमीच जास्त. दिवसभर वाकून निंदणारी बाई हलकं काम करते आणि बैलामागे उभ्याने चालणारा गडी जड काम करतो, हे भाऊंनी पाळण्यात ऐकलं आहे. बुलेटिनची विभागणी तिथूनच आली. मी निंदते, सर डवरतात.

पण त्याच शेतात मी आणखी एक गोष्ट पाहिली. सोयाबीन सोंगणीला आलं की बाया निंदणाच्या बाया राहत नाहीत. शेंगा तडकायला लागलेल्या, आभाळ भरून आलेलं, आणि मजूर मिळत नाही. मग सोंगणी रोजाने होत नाही, एकराच्या गुत्त्याने होते. बायांची टोळी बांधावर बसते. त्यांची मुकादम, तंबाखू मळत, एकरी भाव सांगते. भाऊ तिलाही ताई म्हणतात, घरची लक्ष्मी म्हणतात, पोराबाळांची विचारपूस करतात. ती सगळं ऐकून घेते आणि पुन्हा तोच भाव सांगते. भाव ठरेपर्यंत कुणी विळा उचलत नाही. भाऊ दहा मिनिटांत कबूल होतात. वर टोळीला न्यायला-आणायला गाडीही पाठवतात.

ऑड्री डिकोस्टाला न्यायालयाचा रस्ता धरावा लागला, समीरा अहमदलाही. ही बाई बांधावरून उठलीसुद्धा नाही.

मग 8 मार्च आला. भाऊंचा सगळ्यात मोठा सण. मंगल कार्यालय, 'कर्तृत्ववान महिलांचा सन्मान', यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, मागे फ्लेक्स आणि त्यावर भाऊंचा हात जोडलेला पूर्णाकृती फोटो. कर्तृत्ववान महिला खालच्या पट्टीत, पासपोर्ट आकारात. समोर आशाताई, अंगणवाडीताई, बचतगटाच्या बाया. सूत्रसंचालन सरांकडे, निळ्या ब्लेझरसह. "तुमी सत्कारमूर्ती ना ताई, तुमाले कसं सांगू?"

भाऊंनी मला शाल घातली, श्रीफळ दिलं, आणि माझ्या कर्तृत्वाबद्दल असं बोलले की मलाच माझा हेवा वाटला. मग म्हणाले, "आता आमच्या लाडक्या भगिनी दोन शब्द बोलतील." कॅमेऱ्यापुढे भाऊ शुद्ध बोलतात.

मी माइक घेतला. दुसरं काही येत नाही, बातम्या वाचता येतात.

"नमस्कार. पाहूया आजच्या ठळक बातम्या. सायंकाळी सातचं बुलेटिन, पंधरा मिनिटं, महिना 8 हजार रुपये. रात्री नऊचं बुलेटिन, पंधरा मिनिटं, महिना 14 हजार रुपये. दोन्ही बुलेटिनं लिहिणारी बाई एकच. महिलेच्या आवाजातल्या जाहिरातीचा दर दीडपट, महिलेला मात्र त्यातलं काही नाही. आणि हवामान: येत्या काही दिवसांत गडगडाटासह वादळी पावसाची शक्यता. बातम्या संपल्या."

आधी आशाताई हसल्या. मग अंगणवाडीताईंनी टाळ्या सुरू केल्या आणि त्या थांबेनात. सरकारही त्यांना ताईच म्हणतं आणि पगाराऐवजी मानधन देतं, त्यामुळे बातमी त्यांना उलगडून सांगावी लागली नाही. बचतगटाची एक आजी उभी राहून ओरडली, "अन् साडी कोनाच्या पैशाची?" सर ब्लेझरच्या बाहीत हात शोधत होते.

भाऊही टाळ्या वाजवत होते. त्यांचं लक्ष मोबाइलवरच्या आकड्याकडे होतं. किती जण बघतायत तो आकडा चढत होता, आणि भाऊंच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा ती चमक पाहिली, जी बीबीसीला न्यायाधिकरणात समजावून सांगता आली नव्हती.

रात्रीपर्यंत तो तुकडा जिल्हाभर फिरला. कारंजाहून फोन, पुसदहून फोन, हिंगोलीहूनसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी मला बोलावलं. मी राजीनामा टाइप करून पर्समध्ये ठेवला होता. भाऊंनी खुर्ची पुसून दिली.

"ताई, तुमी तं कमालच केली! पोहरादेवीले नाई आले एवढे व्ह्यू आले. म्या रात्रभर इचार केला. या विषयावर आपुन दर रयवारी कार्यक्रम करू. 'समान वेतन: एक चिंतन'. अर्धा तास. खालच्या कृषी केंद्रवाल्यानं प्रायोजकत्व देलं बी."

मी विचारलं, "कोण करणार?"

भाऊ थोडे संकोचले. "सर करतीन. विषय गंभीर हाये ना, वजन लागते. पण लिहाचं तुमालेच लागन. तुमच्यासारखा राग कोनाले लिहिता येत नाई."

सर दाराशी उभे होते. हे आपण करणं बरं दिसेल का, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर होती. पण अर्ध्या तासाचे वेगळे पैसे मिळणार होते, त्यामुळे शंका चेहऱ्यावरच राहिली.

मी पर्स उघडली. राजीनामा आत राहू दिला आणि टेबलावरचं हँडबिल पालथं घालून त्यावर माझा भाव लिहिला. एका भागाचं लेखन इतके. निवेदन मी केलं तर इतके, सरांनी केलं तर त्याच्या दीडपट, कारण मग माझा राग दुसऱ्याच्या तोंडी बसवायचं जास्तीचं काम आहे. सातच्या बुलेटिनचे 14 हजार, या महिन्यापासून. मागचा फरक वेगळ्या कागदावर. कागद मी भाऊंच्या पुढे सरकवला आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

भाऊंनी कागद वाचला. माझ्या आईची तब्येत विचारली. मुलाच्या दहावीची चौकशी केली. बहीण-भावात असे कागद होतात का, असं फार दुखावल्या आवाजात विचारलं. मी आईचं सांगितलं, दहावीचं सांगितलं आणि पुन्हा तोच भाव सांगितला.

पहिला भाग येत्या रविवारी आहे. प्रायोजकाचे पैसे जमा झाले आहेत, फ्लेक्स छापून आला आहे, सरांचा ब्लेझर धुवायला गेला आहे. मजकूर अजून माझ्याकडेच आहे. भाऊ म्हणतात, ते इचार करून रायले.